अत्तरवाल्याचा तिसरा अंक

डहाणूला आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा आमच्या घराचं घड्याळ म्हणजे रामजी पोर्टर. फलाटावर रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. शेजारच्या स्टेशनातून गाडी सुटली की रामजी त्यावर लोखंडी गजाने ठोके घाली. आई त्या ठोक्यांवर शेगडीवर भात चढवायची, आम्हा भावंडांना शाळेत पिटाळायची आणि अप्पांचा डबा भरायला घ्यायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, असिस्टंट स्टेशनमास्तर होते. घरातसुद्धा ते फलाटावर घोषणा केल्यासारखे बोलत. मला मारलेली "नलू, पाणी आण" ही हाक तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायची. आईचा आवाज मात्र शेजारणीलाही ठाऊक नव्हता. मागच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसली, आणि आसपास कुणी नाही अशी खात्री झाली, की ती गायची. लग्नाआधी माहेरी तिने एका बुवांकडे गाणं शिकायला सुरुवात केली होती. लग्न झालं आणि ते राहिलं. घरात पेटी घ्यावी असं ती प्रत्येक गावी एकदा तरी सुचवायची आणि अप्पा म्हणायचे, "पुढच्या बदलीच्या गावी बघू." ते नाही म्हणत नसत, याचं मला तेव्हा कौतुक वाटे. स्वतःचा संसार केल्यावर या वाक्याचा अर्थ कळला.

केशवराव आमच्या गावात आले ते पावसाळा नुकताच सरल्यावर, तळासरीकडून येणाऱ्या एस.टी.तून. सोबत एक ट्रंक, अंगात गुलाबी झाक असलेली शेरवानी आणि उजव्या हाताच्या बोटांना जाडजूड पट्टी. उतरले ते तडक स्टेशनात आले आणि अप्पांना नमस्कार करून म्हणाले, "मास्तर, तुमच्याच खात्याच्या दारात बोटं चेंगरली, पण राग नाही. गाडी वेळेवर होती." एवढ्या एका वाक्यात स्टेशनातला सगळा स्टाफ त्यांचा झाला. गाडीच्या दारात बोट चेंगरलेला माणूस रेल्वेच्या लोकांना नात्यातला वाटतो. त्यातून गाडी वेळेवर होती असं कबूल करणारा उतारू अप्पांना सबंध नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी लगेच प्रथमोपचाराची पेटी उघडून टिंक्चर काढलं. केशवरावांनी हात मागे घेतला. सुरतेच्या डॉक्टरने पट्टी सोडायला सक्त मनाई केली आहे, म्हणाले.

ते एका मोडलेल्या नाटक कंपनीचे संगीत दिग्दर्शक होते, असं त्यांनी सांगितलं. गावागावात जायचं, तिथल्याच हौशी लोकांना घेऊन संगीत नाटक बसवायचं आणि पुढे जायचं, हे त्यांचं व्रत होतं. हेही त्यांनीच सांगितलं. डहाणूला तेव्हा नाटकं बघायला कुठली मिळणार? जत्रेत जे येईल ते. आठवड्याभरात वर्गणी गोळा व्हायला लागली आणि एका गुजराती शेठजींनी आपली गवताची वखार तालमींसाठी दिली. आमच्याकडचं गवत त्या काळी गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. दिवाळीनंतर वखार छतापर्यंत भरे, पण तोवर ती रिकामी असे. शेठजींनी बजावलं, "दिवाळी पछी मारी वखार मने पाछी." म्हणजे नाटक व्हायचं तर दिवाळीच्या आत.

पण अप्पांचा विश्वास पक्का बसला तो वेळापत्रकाने. केशवरावांनी वखारीच्या दारावर तालमींचं वेळापत्रक लावलं, अगदी रेल्वेसारखं रकाने आखून. पहिला अंक सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, चहासाठी थांबा, दुसरा अंक सुटण्याची वेळ. अप्पा त्याच्यासमोर चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस शिस्तीचा आहे." त्या दिवसापासून गावात कुणी शंका काढली की अप्पा छातीवर हात ठेवून सांगत, "त्यांची जबाबदारी माझ्यावर." तिसऱ्या अंकाच्या रकान्यात फक्त 'वेळ नंतर कळवण्यात येईल' असं लिहिलेलं होतं. दुसरं कुणी असतं तर इथे थबकलं असतं. रेल्वेच्या माणसांना त्यात काही वावगं दिसलं नाही, ते वाक्य रोजच्या वापरातलं होतं.

नाटकाचं नाव 'संगीत अत्तरवाला'. एका खेड्यात अत्तर विकणारा एक गोडबोल्या येतो. कुप्यांमध्ये नुसतं पाणी असतं. तो सांगतो, हे अत्तर महिनाभर मुरावं लागतं, मग वास सुटतो. सगळं गाव कुप्या घेतं, देवघरात ठेवतं आणि महिना संपायच्या आत अत्तरवाल्याने गाव सोडायचं असतं. गावात फक्त पाटलाची बहीण यमुना हिला ते पाणी आहे हे कळतं, तरीही ती कुपी घेते. इथवर दोन अंक झाले होते. पुढे तो पकडला जातो की सुटतो, ते तिसऱ्या अंकात. तो अंक केशवराव अजून लिहीत होते. विचारलं की कपाळाला बोट लावून म्हणत, "इथे तयार आहे." अत्तरवाला ते स्वतः होणार होते. तालमीत पाण्याच्या कुप्या विकत घेणाऱ्या गावकऱ्यांची कामं आमची माणसं करायची आणि त्या गावकऱ्यांच्या भोळेपणाला पोट धरधरून हसायची. हे आठवलं की मला आजही हसू येतं, आणि मग जरा वेळाने येत नाही.

यमुनेचं काम आधी रामजीकडे होतं. आवाज बारीक होता त्याचा. पण मिशी काढायला तो तयार होईना. "मिशी काढून मी घरात कसा जाऊ? बायको दार उघडणार नाय," हे त्याचं म्हणणं. त्याच सुमारास एक दिवस केशवराव आमच्याकडे जेवायला होते. धाकट्या डहाणूची कोळीण सकाळीच भिंग मासा देऊन गेली होती. भिंग चवीला राजा, पण काट्यांचं जंजाळ. आम्हा मुलांना आई काटे काढून देत असे. जेवायला बसण्याआधी केशवराव मोरीवर गेले, पट्टी सोडली आणि म्हणाले, "एवढ्यापुरती सोडतो, वहिनी. भिंगाचा मान राखायला हवा." मग ते इतके सुरेख जेवले, की मी माझं जेवण सोडून बघत बसले. एकेक केसासारखा काटा बोटांच्या चिमटीत धरून अलगद ओढायचा आणि ताटाच्या कडेला ओळीने मांडायचा. आईसुद्धा वाढता वाढता थांबून त्यांच्या बोटांकडे बघत होती. जेवण झाल्यावर पट्टी पुन्हा जागच्या जागी गेली. दुपारी आई मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत गात होती. केशवराव पान खाऊन निघायचे ते कोपऱ्यावर थांबले, आणि संध्याकाळी अप्पांसमोर येऊन म्हणाले, "यमुना सापडली."

अप्पा खवळले. घरातली बाई तोंडाला रंग लावून उभी राहणार, हे त्यांना झेपणारं नव्हतं. तीन दिवस घरात घोषणा बंद. चौथ्या दिवशी आईने ताट वाढून समोर ठेवलं आणि सरळ विचारलं. "एवढ्या बदल्या झाल्या. मी कधी हट्ट केला? यमुनेचं एक पद मला लोकांसमोर म्हणायचंय. एकदाच. पुन्हा नाव काढणार नाही." अप्पा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "प्रॉम्प्टर मी असेन. विंगेतच उभा राहीन." अशा रीतीने आई यमुना झाली आणि आमचे अप्पा रोज ड्यूटी संपवून वखारीत संहिता हातात घेऊन उभे राहू लागले. पंधरवड्यात त्यांना सगळ्यांचे संवाद पाठ झाले. अत्तरवाल्याचे तर झोपेत येत.

आईला पद शिकवताना केशवराव पेटी उघडून बसत, पण वाजवत नसत. बोटं बरी नव्हती ना. प्रयोगाला मुंबईहून नामांकित पेटीवाले येणार होते. "तुम्ही म्हणा वहिनी, मी ऐकतो," म्हणून ते डोळे मिटत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी यमुनेचं जे पद होतं, त्याची सुरुवात अशी: 'तुझे खोटे इतके गोड, खरे कशाला मागू.' घरी आई ते कढीला फोडणी देताना म्हणायची, धुणं वाळत घालताना म्हणायची, आता लपूनछपून नाही. शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या राहत. त्या महिन्यात आई दिसायलाही वेगळी दिसत होती. तिचं काय पणाला लागलं होतं हे मला चौदाव्या वर्षीसुद्धा स्वच्छ कळत होतं: हे नाटक झालं नाही, तर अप्पा दुसऱ्यांदा हो म्हणणार नव्हते.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी केशवराव ट्रंक घेऊन घोडागाडीत बसले. उंबरगावहून टोप घेऊन येतो, पेटीवाले मुंबईच्या गाडीने उतरतील, म्हणाले. दुपारी आई आणि मी अप्पांचा डबा घेऊन स्टेशनात गेलो. एरवी डबा रामजी नेत असे, पण पेटीवाले कोणत्या गाडीने उतरणार ते आईला विचारायचं होतं. अप्पांनी डबा उघडला, इतक्यात शेजारच्या स्टेशनचा फोन खणखणला. तो फोन फक्त गाड्यांसाठी. त्यावर एक शब्द खासगी बोलायचा नाही, हा अप्पांचा नेम. पलीकडे घोलवडचे स्टेशनमास्तर ठाकोरभाई होते. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसे. "अरे मास्तर, तमारो नाटकवाळो अहीं बांकडा पर बेठो छे, ट्रंक लईने. सुरतचं तिकीट काढलंय. म्हणतो, पाछो नथी आवतो. धरून ठेवू का?"

अप्पांचा घास हातातच राहिला. चेहरा असा झाला की मला रडू यायला लागलं. सगळ्या गावाला त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते म्हणाले, "ठेवा धरून. मी पोलिसांना सांगतो." आईने पुढे होऊन फोनवर हात ठेवला. "पोलीस आले तर आज वखारीत नाटक होईल की पंचनामा?" अप्पा म्हणाले, "नाटक? अगं, तो पळालाय! पेटीवाला नाही, अत्तरवाला नाही, तिसरा अंक नाही. कसलं नाटक?" आई म्हणाली, "दोन अंक आहेत. अत्तरवाल्याचं सगळं तुम्हाला पाठ आहे. आणि मी आहे." मग तिने अप्पांच्या हातातून फोन घेतला. अप्पा इतके थक्क झाले, की त्यांनी तो दिला.

"ठाकोरभाई, त्यांना जरा बोलवा," आई म्हणाली. नंतरचं मला एकाच बाजूचं ऐकू आलं, पण ते शब्दाशब्दाने लक्षात आहे. "केशवराव, मी बोलतेय. नाही, ओरडायला नाही. एकच विचारायचंय. यमुनेचं शेवटचं पद कुठून उचललंत? ... आता खोटं बोलून तुम्हाला काय मिळणार? ... तुमचं स्वतःचं? ... शपथ नको. बरं. मग म्हणते मी." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "पेटीचं राहू द्या. तुम्हाला वाजवता येत नाही, ते मला ठाऊक होतं. जा आता, गाडी यायची वेळ झाली." तिने फोन अप्पांकडे दिला आणि पदर खोचला. अप्पा फोनमध्ये म्हणाले, "ठाकोरभाई, जाऊ द्या त्याला." आणि लगेच नेहमीच्या आवाजात सुरतेकडे जाणाऱ्या गाडीसाठी लाइन क्लिअर मागितला. ती गाडी आमच्याच फलाटावरून पुढे गेली.

संध्याकाळी वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. चारोटी नाक्यावरून लोक लॉरीत बसून आले होते. नाटकाची घंटा म्हणून रुळाचाच तुकडा टांगला होता. रामजीने तिसरी घंटा दिली तेव्हा सवयीने निम्मे लोक गाडी कुठली आली म्हणून वळून बघायला लागले. शेरवानी केशवरावांबरोबर गेली होती. अप्पांनी आपला काळा कोट उलटा करून घातला, म्हणजे पितळी बटणं आत गेली. खोटं बोलायचं नाही, म्हणून त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. संहिता घेऊन विंगेत मी उभी होते, पण त्यांना माझी गरज पडली नाही. एकही शब्द चुकला नाही त्यांचा. फक्त "अहो गावकरी, हे अत्तर गुलाबाचं आहे" हे वाक्य त्यांनी दोन नंबरच्या फलाटावर येणाऱ्या गाडीबद्दल सांगावं तसं म्हटलं. लोक पहिल्या अंकभर हसत होते. माझ्या मते, केशवरावांना एवढा हशा मिळाला नसता.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी आईने पद म्हणायचं होतं. साथीला पॉइंट्समनची ढोलकी, बाकी काही नाही. पण त्याआधीच अप्पांचा धीर सुटला. एवढा वेळ मनात साठलेलं त्यांना सोसवेना. रंगमंचाच्या मधोमध उभे राहून त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, मला खरं सांगायचं आहे. केशवराव दुपारच्या गाडीने पळून गेले. वर्गणी गेली. पेटीवाले कधी येणारच नव्हते. तिसरा अंक लिहिलेलाच नाही. जबाबदारी माझी होती. मी तुम्हा सगळ्यांचा गुन्हेगार आहे."

आणि मग जो हशा उसळला तो मी जन्मात विसरणार नाही. शिट्ट्या काय, टाळ्या काय! लोकांना वाटलं, हाच तिसरा अंक. अत्तरवाल्याला उपरती झाली आणि तो गावकऱ्यांना खरं सांगतोय, आणि नाव मुद्दाम केशवरावांचं घेतलं, केवढी गंमत! पुढच्या रांगेतले शेठजी डोळे पुसत ओरडले, "वाह मास्तर, वाह!" अप्पा हात वर करून पुन्हा म्हणाले, "मंडळी, हे खरं आहे हो!" तसा हशा दुप्पट झाला. कुणीतरी मागून ओरडलं, "वन्स मोअर!" आमचे अप्पा, ज्यांच्या शब्दावर गाड्या थांबत आणि सुटत, ते खरं सांगत उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यालाही टाळी पडली.

तेव्हा आई पुढे आली. हातात पाण्याची कुपी होती. तिने ती अप्पांच्या हातात दिली, हलकेच त्यांना बाजूला उभं केलं आणि पद सुरू केलं. पहिली ओळ संपेपर्यंत वखारीतला आवाज पार गेला. ती कुणाकडे बघत नव्हती. वरच्या पट्टीत गेली, तिथे थांबली, खाली आली, पुन्हा तीच ओळ वेगळ्या वाटेने घेतली. माझी आई, जिचा आवाज शेजारणीला ठाऊक नव्हता. मला त्या वेळी तिचा फार अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली, कारण ती आमची कुणीच दिसत नव्हती. पद संपलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी बाजारात एकेकाला उलगडत गेलं. "म्हणजे मास्तर, ते खरंच होतं?" लोक अप्पांना विचारत. अप्पा म्हणत, "मी दोनदा सांगितलं." मग माणूस आधी रागावायला बघायचा. पण काल याच गोष्टीवर तो स्वतः मांडीवर थापा मारून हसला होता, त्यामुळे राग नीट जमायचा नाही. शेवटी तोही हसायचा. वर्गणीबद्दल थोडी कुरकुर झाली आणि विरली. शेठजींनी वखारीत गवत भरलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी शिक्षिका म्हणून तळासरीला नेमणूक झाली. वेवजीच्या एका पाड्यावर पटनोंदणीला गेले असता सहज विषय निघाला, तर कळलं, की आमच्याकडे यायच्या आधी केशवराव तिथे होते. पाड्याला ढोलांचं पथक काढून देणार होते. एक म्हातारी म्हणाली, "मानुस गोड होता, बाय. पन ढोल काय आला नाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ढोलाची वाट मात्र अजून होती. आमच्या गावाला निदान दोन अंक मिळाले. आणि ते पद. जुनी नाट्यपदं रेडिओवर लागायची तेव्हा मी कान देऊन ऐकत असे, पुढे जाणकारांनाही विचारलं. ते पद कुणी ऐकलेलं नाही. म्हणजे फोनवर त्या माणसाने आईला खरं सांगितलं असणार. माझा आणखी एक तर्क आहे. पाणी आहे हे कळूनही कुपी घेते ती यमुना; 'यमुना सापडली' असं तो म्हणाला, तेव्हा आपल्याला आईने ओळखलं आहे हे त्यालाही कळलं असावं.

प्रयोगानंतरच्या रविवारी पुन्हा भिंग आलं होतं. अप्पा जेवत होते आणि आई समोर बसून धाकट्याला काटे काढून देत होती. अप्पांनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला, आणि चक्क हळू आवाजात. "तुला ठाऊक होतं म्हणालीस. कधीपासून?"

"भिंगाच्या दिवसापासून," आई म्हणाली. "ज्या बोटांनी भिंगाचे काटे निघतात, त्यांना पेटी जड होत नाही. बोटं धडधाकट होती. येतच नव्हती त्याला पेटी."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिला असता. मग मला कुणी म्हणू दिलं असतं?"

अप्पांना हे लागलं. ते ताटातून वर बघत म्हणाले, "का? मी नसतं दिलं?"

आईने काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि त्यांना भात वाढला.

"दिलं असतं ना," ती म्हणाली. "पुढच्या बदलीच्या गावी."